जपानी ॲनिमेशनपटांच्या डिस्कचे परीक्षण: छंद, कौशल्य आणि उदरनिर्वाह

प्रश्न: माझा मुलगा कराडला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून तो जपानी ॲनिमेशनपटांच्या डीव्हीडी आणि ब्लू-रे डिस्क जमवतो, एकच चित्रपट चार-चार वेळा पाहतो आणि त्या डिस्कवर सविस्तर परीक्षणे लिहितो. पुढे हेच काम करायचे, असे तो म्हणतो. यात पोट भरेल का? त्याला थांबवावे का? त्याची तीन परीक्षणे सोबत पाठवत आहे. – एक पालक

उत्तर: आपले पत्र आणि चिरंजिवांची तिन्ही परीक्षणे मी काळजीपूर्वक वाचली. केवळ अशा परीक्षणांवर आज आपल्याकडे घर चालत नाही, आणि हे त्याला आत्ताच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तरीही त्याला थांबवू नका, असे मी तितक्याच ठामपणे म्हणेन. कारण ही परीक्षणे लिहिता लिहिता त्याची जी नजर तयार झाली आहे, तिला उपशीर्षके, डबिंग आणि जुन्या चित्रपटांचे जतन या क्षेत्रांत रोजचे काम आहे.

घरी पाहण्याच्या प्रतीचे परीक्षण करणाऱ्याला कथा आणि दिग्दर्शन यांवर लिहून थांबता येत नाही. मूळ कलाकृती प्रेक्षकाच्या घरापर्यंत कितपत जशीच्या तशी पोहोचली, हे त्याने तपासून सांगायचे असते. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या १९८४ च्या ‘नाउसिका’ या ॲनिमेशनपटाची अमेरिकी प्रत १९८५ मध्ये वीसहून अधिक मिनिटे कापून आणि नाव बदलून काढण्यात आली होती. त्यांच्याच ‘स्पिरिटेड अवे’ची २००२ मधील जपानी डीव्हीडी लालसर दिसते, अशी तक्रार तिथल्या ग्राहकांनी केली होती. चित्रपटगृहात मूळ चित्रपट न पाहिलेल्या माणसाला असा फरक स्वतःहून कळणे कठीण असते, म्हणून तो दाखवून देणारा जाणकार लागतो.

आपल्या मुलाचे दुसरे परीक्षण मला विशेष आवडले. पडद्यावर कोणीही बोलत नसताना खाली इंग्रजी वाक्य उमटते, एवढी एकच गोष्ट त्याने टिपली आणि त्यावरून नेमका निष्कर्ष काढला, की ही उपशीर्षके जपानी संवादांचा अनुवाद नसून इंग्रजी डबिंगच्या संहितेवरून उतरवलेली आहेत. डबिंग करताना शांत प्रसंगांत जादा वाक्ये घातली जातात आणि तीच उपशीर्षकांत शिरतात, त्यामुळे दिग्दर्शकाने जाणीवपूर्वक राखलेली शांतता प्रेक्षकाच्या हाती लागत नाही. जपानी भाषा येत नसताना केवळ लक्षपूर्वक पाहून हे पकडणे सोपे नव्हे.

तिसऱ्या परीक्षणात मात्र त्याची चूक झाली आहे. पात्रांच्या हालचाली अडखळतात, असा दोष त्याने डिस्कला दिला आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो, परंतु हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एकच चित्र बहुधा दोन किंवा तीन चौकटींसाठी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठच चित्रे काढलेली असतात. तो प्रसंग एकेक चौकट पुढे सरकवत पुन्हा पाहायला सांगा. मागचे दृश्य सलग सरकत असेल आणि पात्र तेवढे तीन चौकटी स्थिर राहत असेल, तर ती चित्रकाराची पद्धत आहे. मागचे दृश्यही त्याच ठेक्यात अडखळत असेल, तर प्रतीविषयी शंका घेण्यास जागा आहे. हीच सावधगिरी फिल्मच्या कणांबाबतही हवी. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर रंगवलेली चित्रे कॅमेऱ्याने फिल्मवर टिपली जात असत, त्यामुळे चित्रात बारीक कण दिसणे स्वाभाविक आहे. ते पुसून काढलेली प्रत वरवर स्वच्छ दिसते, पण तिच्यात पेन्सिलीची रेघही पुसट होते. त्याने अशाच एका प्रतीला ‘चकचकीत’ म्हणून गुण दिले आहेत, ते त्याने स्वतःच तपासून पाहावे.

डिस्कवर खर्च करण्यापूर्वी एक व्यवहाराची गोष्ट त्याला सांगा. कोणती ब्लू-रे डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल, यासाठी केलेल्या विभागणीत जपान ‘ए’ विभागात आणि भारत ‘सी’ विभागात येतो, त्यामुळे जपानहून मागवलेली विभागबद्ध डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालत नाही. शिवाय अनेक जपानी आवृत्त्यांवर इंग्रजी उपशीर्षके नसतात.

म्हणूनच माझा सगळा भर जपानी भाषेवर आहे. बी.कॉम. त्याने पूर्ण करावे, आणि त्यासोबत आजपासूनच जपानी शिकण्यास सुरुवात करावी. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत, भारतात ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि पुण्यात तिचे केंद्र आहे. अनुवादाच्या कामासाठी साधारणपणे एन-२ पर्यंत तरी पोहोचावे लागते, आणि शून्यापासून तिथवर जायला नेटाने अभ्यास करूनही काही वर्षे जातात, हे आपणही गृहीत धरा. जपानी ॲनिमेशनपट आता हिंदी, तमिळ आणि तेलुगू डबिंगसह आपल्या चित्रपटगृहांत लागतात. जपानचे युगो साको यांनी भारतीय ॲनिमेशनकार राम मोहन यांच्यासह साकारलेला भारत-जपान सहनिर्मितीचा रामायणपट १९९२ चा, पण त्याची ४के (अतिशय सुस्पष्ट चित्राची) प्रत जानेवारी २०२५ मध्ये इथे प्रदर्शित झाली. अशा प्रत्येक चित्रपटामागे अनुवादक, उपशीर्षकांच्या वेळा जुळवणारे आणि तयार प्रत चौकटीगणिक तपासणारे लोक असतात. प्रत तपासण्याची नोकरी मुंबईत पदवीनंतर मिळू शकते. भाषा पक्की होईपर्यंत तीच त्याच्यासाठी योग्य सुरुवात ठरेल, असे मला वाटते. चित्रपटांच्या जतनाकडे त्याचा ओढा निघाला, तर मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या कार्यशाळांवर त्याने लक्ष ठेवावे. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेचे चित्रपट-रसग्रहणाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रमही त्याला उपयोगी पडतील.

परीक्षणे त्याने लिहीत राहावीत, मराठीतच लिहावीत. नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला याहून चांगला पुरावा नाही, फक्त प्रत्येक परीक्षणात डिस्कची आवृत्ती, ध्वनीचे पर्याय आणि आक्षेप घेतलेल्या प्रसंगाची मिनिटे व सेकंद नोंदवलेले असावेत. तिसरे परीक्षण चौकटी मोजून दुरुस्त केल्यावर त्याने ते मला पुन्हा पाठवावे. या वेळी पत्रही त्यानेच लिहावे.