बाळ मोठं होईपर्यंत थांबावं का?

विट्याच्या ताई, तुमचं बाळ नऊ महिन्यांचं, मेंदूची उजवी बाजू जन्मतःच बेढब वाढलेली, तीन औषधं चालू असूनही रोज फिट येतेच. डॉक्टर हेमिस्फेरोटॉमी, म्हणजे बिघडलेली बाजू चांगल्या बाजूपासून तोडायचं ऑपरेशन, करा म्हणतात, सासूबाई म्हणतात ‘पाय फुटू देत, मग बघू.’ आमच्या लेकीच्या वेळी तासगावात घरोघरी हाच सल्ला मिळाला होता.

थांबणं सुरक्षित वाटतं, पण तसं नसतं. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट थांबली नाही, तर पुढच्या औषधाने ती पूर्ण थांबायची शक्यता कमीच उरते. रोजच्या फिट चांगल्या बाजूची वाढही मारतात. वय जितकं लहान, तितकी ती बाजू पलीकडची कामं जास्त उचलते.

सासूबाईंना सांगा, अर्धा मेंदू काढून टाकत नाहीत. बराचसा जागेवरच ठेवून जोडणारे तंतू तोडतात. बिघडलेल्या मोटरची वायर डीपीवरून सोडवली तरी मोटर विहिरीतच राहते ना, तसं.

किंमत मात्र आहे. डावा हात कमजोर राहतो, बोटांची बारीक कामं सहसा जमत नाहीत. चालायला बहुतेक मुलं शिकतात. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसत नाही. डोक्यात पाणी साठलं तर शंट, म्हणजे ते पाणी बाहेर वळवणारी नळी, बसवावा लागतो, तेही कधी कधी महिन्यांनंतर. आठ किलोच्या बाळात रक्तच साधारण 640 मिली, थोडं गेलं तरी जड जातं, म्हणून ‘एवढ्या लहान बाळांची ऑपरेशनं इथे किती होतात?’ हे बेधडक विचारा. व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध चालू असेल तर रक्त गोठण्याच्या तपासण्यांचंही विचारा. मनाने बंद मात्र करू नका.

डावी बाजू ठीक आहे का, यावर पुढचं बरंच ठरतं. त्यासाठी एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी, म्हणजे फिटचं चित्रण करत मेंदूच्या विजेची नोंद. फिटचा व्हिडिओ मोबाईलवरही घ्या. बाळ झोपेतून उठताना दुपटं बाजूला करा, चेहरा आणि दोन्ही हात दिसू देत. आजी ‘बाळा, बाळा’ करत मध्ये वाकली की नेमकी सुरुवात हुकते, आणि डॉक्टरांना तीच हवी असते.

मिरजेत दाखवलंयत ते बरंच केलंत. दुसरं मत एपिलेप्सी सर्जरी, म्हणजे फिटसाठीची ऑपरेशनं, नियमित होतात तिथलंच घ्या; तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था त्यासाठी नावाजलेली आहे. महाराष्ट्रात करणार असाल तर त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनीसाला, जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते आधी विचारा. रेशनकार्डावर बाळाचं नाव चढवलंय ना?