ब्राउझरमध्ये मजकूर एन्क्रिप्ट करताना पासवर्डच थेट की (किल्ली) म्हणून वापरला तर चालेल का?

नाही. पासवर्ड अंदाजाने सापडू शकतो, म्हणून आधी त्यातून की तयार करायची. वेगळी लायब्ररी नको, ब्राउझरमधलं वेब क्रिप्टो (एन्क्रिप्शनची अंगभूत सोय) पुरतं. १६ बाइटचं रँडम सॉल्ट (पासवर्डसोबत मिसळायचा डेटा) घ्या, पीबीकेडीएफ२ला (पासवर्डपासून की बनवणारी पद्धत) एसएचए-२५६ हे हॅश आणि ६,००,००० फेऱ्या द्या, निघालेल्या कीने एईएस-जीसीएम ही एन्क्रिप्शनची पद्धत चालवा. त्याला लागणारा १२ बाइटचा आयव्ही (एन्क्रिप्शनची सुरुवातीची किंमत) मात्र दर वेळी नवाच हवा. त्याच कीसोबत तो पुन्हा वापरलात तर सगळं मुसळ केरात. सॉल्ट आणि आयव्ही लपवायची गरज नाही, एन्क्रिप्ट झालेल्या मजकुराच्या आधी जोडून ठेवा, डिक्रिप्ट करताना तेच लागतात. पासवर्ड चुकला तर अर्धामुर्धा मजकूर येत नाही, सरळ 'ऑपरेशनएरर' येते. आणि हो, साध्या एचटीटीपीवर वेब क्रिप्टोचं 'क्रिप्टो.सटल' मिळतच नाही, लोकलहोस्टवर (आपल्याच संगणकावर) मात्र चालतं.