कॉलमवरची लेबलं काढायची कशी?

प्रश्न : अझ्युर एसक्यूएलच्या (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची डेटाबेस सेवा) टेस्ट डेटाबेसमध्ये कुणीतरी सरसकट सगळ्या कॉलमना 'कॉन्फिडेन्शियल' लेबल लावून ठेवलंय, पोर्टलवर एकेक क्लिक करत बसायचं का? आणि लेबल काढलं तर डेटा उडेल का?

उत्तर : डेटाला काही होत नाही हो, लेबल म्हणजे नुसता मेटाडेटा, डेटाबद्दलची वरवरची नोंद. पॉवरशेलमध्ये (कमांड टाइप करून कामं करायचं मायक्रोसॉफ्टचं टूल) 'गेट' वाली कमांड लेबलं लागलेले कॉलम दाखवते आणि तेच आउटपुट पाइपने 'रिमूव्ह' वालीला दिलं की एका दमात सगळी साफ, म्हणून तर आधी 'व्हॉटइफ' लावून बघा (काही न काढता काय काय निघेल ते दाखवतं) आणि जुनी यादी फाइलमध्ये ठेवा, नंतर कोण विचारेल सांगता येत नाही. दोनचारच कॉलम असतील तर स्कीमा (टेबलांचा गट), टेबल, कॉलमचं नाव देऊन तेवढेच काढा. पॉवरशेल नको असेल तर टी-एसक्यूएलमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची क्वेरीची भाषा) 'ड्रॉप सेन्सिटिव्हिटी क्लासिफिकेशन' आहेच, ते एसक्यूएल सर्व्हर 2019 पासून चालतं, मात्र त्याला वेगळी परमिशन लागते. लेबल गेलं की त्या कॉलमच्या क्वेरी ऑडिट लॉगमध्ये (कुणी काय क्वेरी चालवली याच्या नोंदीत) सेन्सिटिव्ह म्हणून दिसणार नाहीत, त्यामुळे प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या डेटाबेसवर, हे करायचं तर सिक्युरिटीवाल्यांना विचारूनच. मास्किंग (डेटा झाकून दाखवणं) लावलं असेल तर ते वेगळं प्रकरण, ते तसंच राहतं.