‘फुडं?’ म्हणणारं माणूस

“मॅडम, माझ्यातलं लिखाण संपलं का हो?”

हा प्रश्न मला बारा महिने ऐकू येतो, पण श्रावण लागला की जरा जास्तच. दिवाळी अंकांच्या संपादकांचे ‘कथा कुठवर आली?’ असे फोन सुरू झालेले असतात. ज्यांच्या कथेचं पहिलं वाक्यही झालेलं नसतं, ती मंडळी माझ्या ठाण्याच्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन बसतात. बँकेतून सुटल्यावर रात्री कविता लिहिणाऱ्या बाई, भाषांतरावर घर चालवणारा तरुण, पुरवणीत दर रविवारी सदर लिहिणारे निवृत्त प्राध्यापक. तक्रार एकच. लिहायला बसलं की पोटात गोळा येतो, दुसऱ्याचं चांगलं वाचलं की आनंद होण्याऐवजी चिडचिड होते, आणि लिहून झालं तरी ‘काय उपयोग’ असं वाटत राहतं.

एकेकाला तेच सांगण्यापेक्षा एक हकीकत सांगते. ज्यांची आहे त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून. “गाव तेवढं खरं ठेवा,” हा त्यांचाच आग्रह, म्हणून कराड कराडच राहिलंय. त्यांना मी इथे लेखकराव म्हणते, कारण बायको चिडली की त्यांना हीच हाक मारते.

आणलंही तिनेच. लेखकराव एका दैनंदिन मालिकेचे संवाद लिहायचे. आठवड्याला सहा एपिसोड. पटकथा रात्री अकराला यायची आणि सकाळच्या शिफ्टला सीन घोडबंदरच्या सेटवर पोचलेले हवेत. नाही पोचले तर फोन: “आर्टिस्ट मेकअप करून बसलेत, सर.” मुलीच्या वाढदिवसाला केक कापला जात होता तेव्हा हे बाथरूमची कडी लावून मोबाइलवर सीन टाइप करत होते. बायकोने दुसऱ्या दिवशीच माझी वेळ घेतली.

“काय होतंय?” मी विचारलं.

“काहीच होत नाही, हेच होतंय.”

वाक्य झकास होतं. सवयच ती.

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पद्धतीत वाढलेली. १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी मांडलेला विचार असा, की माणसाला घटना जितकी छळते त्याहून जास्त त्या घटनेबद्दलची त्याची हटवादी समजूत छळते. बावीस वर्षं मी लोकांच्या समजुतींशी वाद घालत आले आहे, आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा जिंकत आले आहे. लेखकरावांची समजूत तर डोळ्यांसमोर दिसत होती: ‘मी लिहितो म्हणून मी कोणीतरी आहे; नाही लिहिलं तर कोणीच नाही.’ मी पुरावा मागितला. त्यांनी दिला. मी उलट प्रश्न केला. त्यांनी त्याचंही उत्तर दिलं, तेही माझ्यापेक्षा चांगल्या भाषेत. तिसऱ्या भेटीत तर मला म्हणाले,

“मॅडम, हा सीन मी लिहिलाय. समुपदेशक असंच विचारते, मग हिरोच्या डोळ्यांत पाणी, क्लोज-अप, ब्रेक.”

संवादलेखकाशी वादात कोण जिंकणार! त्या रात्री टिपणं चाळताना माझ्या लक्षात आलं, की तीन भेटी मी त्यांच्या प्रत्येक वाक्यावर ‘असं नाही, असं म्हणा’ एवढंच सांगत होते. चॅनेलवाले करतात तेच. मीही त्यांना ‘बदल’ पाठवत होते.

चौथ्या भेटीत मी पद्धत बाजूला ठेवली आणि एक कागद पुढे सरकवला.

“गेल्या आठवड्यात तुमचं लिहिलेलं कोणी कोणी वाचलं, त्यांची नावं लिहा.”

त्यांनी भराभर नऊ नावं लिहिली. चॅनेलमधले, निर्मितीसंस्थेतले, दिग्दर्शक, त्याचा सहायक, दोन कलाकार.

“यातले बदल सांगणारे किती?”

“नऊच्या नऊ.”

“आणि नुसतं ऐकणारं?”

“प्रेक्षक.” मग स्वतःच म्हणाले, “प्रेक्षक म्हणजे गुरुवारचा आकडा.”

गुरुवारी टीआरपी येतो. त्या दिवशी ते जेवत नसत, हे मला बायकोने आधीच सांगितलं होतं.

“शेवटचं कोणाला मोठ्याने वाचून कधी दाखवलंत?”

ते इतका वेळ गप्प राहिले की पंख्याची किरकिर ऐकू यायला लागली. मी काही बोलले नाही. आमच्या धंद्यात ही शांतता राखणं सगळ्यात अवघड, आणि मला ते जमतं असं मला उगाच वाटत नाही.

“घाटावर,” ते म्हणाले. “कराडला. प्रीतिसंगमावर.”

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. तिथे दर शनिवारी संध्याकाळी हे चारजण जमायचे. एक सलूनवाला, एक साखर कारखान्यातला टाइमकीपर, एक बी.एड. करून घरी बसलेला आणि हे. गोष्ट लिहून आणायची ती यांनी. बाकीचे भेळ आणायचे. टाइमकीपर मित्राला साहित्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हे श्वास घ्यायला थांबले की तो म्हणायचा, “फुडं?”

“एवढंच?”

“एवढंच. ‘मग फुडं?’ त्याच्या त्या ‘फुडं’साठी मी आठवडाभर लिहायचो, मॅडम.” आणि मग डोळ्यांत पाणी आलं. क्लोज-अप नव्हता, ब्रेकही नव्हता. दहा मिनिटं लेखकराव रडले, आणि रडताना त्यांनी एकही चटपटीत वाक्य बोललं नाही.

माझी आजी गोष्ट सांगताना आधीच बजावायची: हूं म्हणत राहायचं, हुंकार थांबला की गोष्ट थांबेल. मला वाटायचं, आम्ही झोपलो की नाही हे कळावं म्हणून असेल. त्या दिवशी उमगलं, की हुंकार तिलाच लागत होता. गोष्ट सांगणाऱ्याला पुढच्या वाक्यापर्यंत जायला तेवढा आधार पुरतो, आणि तेवढा लागतोच. लिहिणाऱ्या माणसाचं थकणं मी तोवर ‘काम जास्त, झोप कमी’ याच हिशोबात मोजत होते. तो हिशोब खोटा नाही. पण कराडला हेच गृहस्थ दिवसभर दुकानात हिशेब लिहून रात्री दोनपर्यंत कथा लिहायचे आणि थकत नव्हते.

हे थकणं नवं नाही. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’ या शब्दात ते पकडलं, आणि तेही मन लावून काम करणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाहून. कामचुकार माणूस असा जळत नाही. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या: गळून जाणं, कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्याला काही जमत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची नोंद कामाशी निगडित अवस्था म्हणून केली, आजार म्हणून नव्हे. लेखकांनी हे वाक्य जरूर लक्षात ठेवावं. तुमच्यातलं काही मेलेलं नाही, मोडलेलंही नाही.

पण उपाय म्हणून ‘चारजण गोळा करा’ असं सांगून भागत नाही, हे मला लगेचच कळलं. मी लेखकरावांना ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात पाठवलं. १८९३ पासूनची ही संस्था, तिथे वाचणारी माणसं नक्की भेटतील. “पुस्तक आणू नका, माणूस शोधा,” असं बजावलं. त्यांनी उत्साहाने अकराजण जमवले. पहिल्या बैठकीत अर्धा वेळ ‘ती सून खऱ्या आयुष्यात कशी आहे हो?’ यात गेला. एका गृहस्थांनी भाच्याचा फोटो आणला होता, ‘कुठे चिकटवता आला तर बघा.’ उरलेल्या वेळात एका बाईंच्या कवितेतल्या वृत्तदोषांवर दोघांची जुंपली. बाई पुन्हा आल्या नाहीत. लेखकराव माझ्याकडे आले ते तापूनच.

“यापेक्षा चॅनेल परवडलं!”

चूक माझी होती. गर्दी आणि सोबत यांतला फरक मी त्यांना सांगितला नव्हता. मग आम्ही दोघांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. त्या आता मी येणाऱ्या प्रत्येक लेखकाला सांगते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तीन ते पाच माणसं, जास्त नाही. त्यांत तुम्हाला काम देऊ शकेल किंवा तुमच्याकडे काम मागू शकेल असं कोणीही नको, कितीही जवळचं असलं तरी. हा नियम लोकांना जाचक वाटतो; माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. ज्याच्या हातात आपला पुढचा चेक आहे त्याच्यासमोर माणूस वाचत नाही, सादर करतो. आणि एकजण तरी न लिहिणारा हवा. लिहिणाऱ्याच्या डोक्यात ऐकताना ‘मी असतो तर’ सुरू होतं, त्याला इलाज नाही. न लिहिणारा निवांत ऐकतो.

वाचायचं ते मोठ्याने, कागदावरून, दहा मिनिटांच्या आत. ऐकणाऱ्याने ‘काय चुकलं’ सांगायचं नाही. कुठे कान टवकारले आणि कुठे लक्ष उडालं एवढंच सांगायचं. ‘छान, छान’सुद्धा नको, ती दुसऱ्या टोकाची पळवाट. पैशासाठी लिहिलेलं तिथे आणायचं नाही. आणि काही लिहिलं नसेल तर रिकाम्या हाती यायला पूर्ण मुभा. किंबहुना रिकाम्या हाती येणं हेच खरं औषध, कारण ‘लिहिलं तरच मी’ ही समजूत, जिच्याशी मी तीन भेटी व्यर्थ भांडले, ती तिथे आपोआप पडते. दोन पंधरवडे काही न आणताही आपली खुर्ची मांडलेली असते, चहा आलेला असतो. एलिस यांना हे आवडलं असतं असं मला वाटतं. विचार बदलायला कधी कधी अनुभव आधी लागतो.

“व्हॉट्सअॅप ग्रुप आहे ना आमचा,” असं बरेचजण म्हणतात. असू दे. अंगठा म्हणजे हुंकार नव्हे. निळ्या खुणा मोजण्यात आणि टीआरपी मोजण्यात मला तरी फार फरक दिसत नाही. गाव लांब असेल, तुम्ही पुण्यात आणि मैत्रीण दुबईत असाल, तर फोन लावा आणि वाचून दाखवा. आवाज हवा.

ही काही माझी शक्कल नाही. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी एकत्र जमायची आणि कविता एकमेकांच्या कानांवर घालायची. त्यांच्या कवितेवर काय टीका करायची ती करा, पण ती माणसं एकटी नव्हती.

लेखकरावांची दुसरी बैठक चौघांची झाली. एसटीतून निवृत्त झालेले एक काका, एक शाळेतल्या बाई, औषधांच्या दुकानातला एक मुलगा आणि हे. तलावपाळीजवळ, काकांच्या घराच्या गच्चीवर. लेखकराव पहिल्या तीन वेळा नुसते ऐकून आले. त्यांना मी त्याबद्दल काही विचारलं नाही. चौथ्या वेळी दीड पान घेऊन गेले.

सगळं गोड झालं असं समजू नका. मालिका तशीच होती, रात्री अकराची पटकथाही. गच्चीवरच्या चहाने मालिकेचे ९० दिवसांनी मिळणारे पैसे लवकर मिळत नाहीत. तिथे मी स्पष्ट सांगते: कामाच्या अटींचं दुखणं मनावर ढकलू नका. अंधेरीत स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही चित्रपट-मालिका लिहिणाऱ्यांची संघटना आहे, करारावर सही करण्याआधी तिथे विचारा. लेखकरावांनी चाचरत का होईना जोडीला दुसरा संवादलेखक मागितला; सहाचे तीन एपिसोड झाले, पैसेही कमी झाले. महिनाभर घरात कुरबुर चालली. बायकोने हिशेब मांडला, मग तीच म्हणाली, चालेल.

आणखी एक, आणि यात हयगय नको. सुट्टी घेऊनही, माणसांत जाऊनही दोन आठवडे झोप लागत नसेल, अन्नावरची वासना गेली असेल, लिखाणच नव्हे तर कशातच रस उरला नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर हे निव्वळ लेखनाचं थकणं नव्हे. गच्ची आणि चहा यांची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं.

लेखकरावांच्या भेटी थांबून वर्ष होत आलं. मध्यंतरी त्यांचा फोन आला, गुरुवारी दुपारी. गुरुवार म्हटल्यावर माझ्या काळजात चर्र झालं.

“मॅडम, तुमच्याकडे मोठा थर्मास आहे ना, तो पांढरा?”

“का हो?”

“काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना गच्चीवर चढता येत नाही, म्हणून या वेळी हॉस्पिटलातच जमतोय. कँटीनचा चहा त्यांना आवडत नाही.”

“आणि टीआरपी?”

“अं? हो, आला असेल.”

थर्मास दिला. अजून परत आलेला नाही.