विस्मरण एकसारखे, आजार वेगळे

प्रश्न : वडिलांना विस्मरण होते, शिवाय घरात नसलेली माणसे दिसतात. एमआरआयमध्ये मेंदू थोडा आकसलेला आढळला. हा अल्झायमर की लेवी बॉडी डिमेन्शिया?
– एक वाचक, मालवण

उत्तर : केवळ आकसण्यावरून हे ठरत नाही, मात्र स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस बराचसा शाबूत असेल, तर लेवी बॉडीची (मेंदूच्या पेशींत प्रथिनांच्या गाठी साठून होणाऱ्या आजाराची) शक्यता वाढते. अधिक नेमका फरक डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या वाहकांच्या (ते पेशींत परत नेणाऱ्या प्रथिनांच्या) स्कॅनमध्ये कळतो, कारण मेंदूच्या खोल भागातील हे वाहक लेवी बॉडीत सहसा घटतात आणि अल्झायमरमध्ये बहुधा टिकून राहतात. या तपासणीसाठी मुंबईसारख्या शहरात जावे लागेल, वयस्कर माणसाला तो प्रवास जड जातो, तरीही डॉक्टरांनी सुचवल्यास ती अवश्य करून घ्यावी. भासांसाठी दिले जाणारे हॅलोपेरिडॉल लेवी बॉडीच्या रुग्णाला घातक ठरू शकते. म्हणून निदान पक्के होईपर्यंत असे कोणतेही औषध न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय सुरू करू नये.