नवीन स्टोअर मॅनेजरने आधी काय हातात घ्यावं?

सेल्समधून बढती मिळून अनेक शाखा असलेल्या दागिन्यांच्या दुकानात मॅनेजर झालात आणि पहिल्या महिन्यात टार्गेटकडे बघू की स्टॉककडे, असं विचारलंत. स्टॉककडेच. टार्गेट हुकलं तर पुढच्या महिन्यात भरून काढता येतं; हरवलेल्या नगाचा हिशेब कायम तुमच्या नावावर राहतो.

सकाळी तिजोरी दोघांनी मिळून उघडा. किल्ली एकाकडे, कोड दुसऱ्याकडे. ट्रे काउंटरला जाण्याआधी नग मोजून सही घ्या, रात्री पुन्हा तेच. पण नुसती नगांची मोजणी फसवी असते. समजा, एकाच डिझाइनच्या दोन अंगठ्या आहेत, ४.१२ आणि ४.३८ ग्रॅमच्या. टॅग लावताना अदलाबदल झाली आणि ४.१२ चा टॅग असलेली विकली. रात्री नग बरोबर भरतील, पण ग्राहकाकडे ०.२६ ग्रॅम सोनं फुकट गेलेलं असेल. म्हणून रोज एक-दोन ट्रे वजनाने टॅली करा: ट्रे आणि टॅग यांचं वजन वजा करून निव्वळ आकडा सिस्टिमशी जुळवायचा. बिल करताना नग काट्यावर ठेवायचाच, टॅग वाचून बिल फाडायचं नाही.

काटा रोज सकाळी प्रमाणित वजन ठेवून तपासा. आकडा स्थिर राहत नसेल तर लगेच मेकॅनिक बोलावू नका. आधी वर एसीचा झोत येतोय का आणि लेव्हलचा बुडबुडा मधोमध आहे का ते बघा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं.

काउंटरवर एका वेळी दोनच नग. तिसरा दाखवायचा तर एक आत जाईल. परत आलेला नग ट्रेमध्ये ठेवण्याआधी टॅग आणि हॉलमार्क बघायचा, कारण हातचलाखी करणारा ट्रे रिकामा करत नाही, तसाच दिसणारा नग बदलून जातो.

खरी भांडणं दुरुस्तीत होतात. पावतीवर वजन, खड्यांची संख्या, आधीचे ओरखडे आणि खडा धरून ठेवणारे सैल दाते लिहा, फोटो काढा. तपासल्याशिवाय ‘सोनं’, ‘हिरा’ लिहू नका. ‘पिवळा धातू’, ‘पांढरा खडा’ पुरे. ग्राहकाला वाईट वाटेल, शांतपणे समजवा. उष्णतेवर चालणारा टेस्टर मोझनाइटलाही, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या वेगळ्या खड्यालाही, हिरा म्हणतो. १० पट भिंगातून खडा थोडा तिरपा धरून बघा: मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसल्या तर तो मोझनाइट. सरळ वरून बघितलंत तर हे दिसेलच असं नाही. मोती, ओपल आणि पाचू अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी दागिने साफ करणाऱ्या यंत्रात, टाकू नका, हे दुकानातल्या सगळ्यात नव्या पोरालाही माहीत हवं.

पडून राहिलेल्या मालावर लगेच सूट लावू नका. आधी दुसऱ्या शाखेत पाठवायला मागा. एका दुकानात न चालणारा घाट दुसरीकडे चालतो. मात्र पाठवताना पाकीट दोघांसमोर सील करा आणि समोरच्या शाखेची वजनासह पोच येईपर्यंत तो नग आपल्याच खात्यावर धरा.