उतारवयात बंदुकांचा संग्रह कमी करायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की वय सत्तरीला आलंय, लहान घरात जायचंय, मुलांना या गोष्टीत रस नाही, आणि आयुष्यभर जमवलेल्या बंदुकांपैकी काय ठेवावं नि काय द्यावं हे ठरत नाही. मी माझ्या संग्रहातला बराचसा भाग गेल्या काही वर्षांत दुसऱ्यांच्या हाती सोपवला आहे, म्हणून लिहितो.

काहीही विकायला काढण्याआधी नोंदवही करा. प्रत्येक बंदुकीचा क्रमांक, बोअर (नळीच्या आतल्या रुंदीचं माप), बनावट, नळी तपासून पास केल्याचे तिच्यावरचे ठसे, कोणाकडून घेतली, केव्हा, बिल कुठे आहे, परवान्यावर कशी नोंदली आहे, दुरुस्तीत काही बदललंय का, हे सगळं तिच्यात उतरवा आणि सोबत स्वच्छ उजेडातले फोटो ठेवा. आज ही माहिती फक्त तुमच्या डोक्यात आहे आणि तिच्याशिवाय तुमच्या माघारी घरच्यांच्या हाती नुसतं लोखंड नि लाकूड उरेल. उदाहरणार्थ, लुगर ही जुनी जर्मन पिस्तूल. तिच्या सुट्या भागांवर मूळ क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. सगळे जुळत असतील तर संग्राहक तिच्याकडे एका नजरेने बघतो, मधला एखादा भाग दुसऱ्या पिस्तुलाचा निघाला तर दुसऱ्या नजरेने. विंचेस्टरच्या मॉडेल ७० रायफलीची रचना आणि बनवण्याची पद्धत कारखान्याने १९६४ मध्ये बदलली, त्यामुळे त्याआधीच्या रायफलींना आजही वेगळी मागणी आहे. दोन्ही शेजारी ठेवल्या तर नवख्याला काय फरक दिसणार? तुमच्या पत्नीला किंवा मुलाला हे ऐन दुःखाच्या दिवसांत कोणीतरी घाईघाईने सांगणार, आणि सांगणारा बहुधा विकत घेणाराच असणार.

नोंदी करताना हात आवरा. जुन्या बंदुकीचा निळसर-काळा मुलामा विटलेला दिसला की घासून चकचकीत करावासा वाटतो, दस्त्याला नवं पॉलिश द्यावंसं वाटतं. तसं करू नका. गंज पसरू नये म्हणून तेलाचा हलका हात पुरे. मूळ मुलामा एकदा गेला की परत येत नाही, आणि जाणकार तोच बघायला आलेला असतो. चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पेटीत वर्षानुवर्षं पडून असलेल्या बंदुका मात्र लगेच बाहेर काढा, कारण तिथे ओल धरून राहते. जुनी लष्करी काडतुसं झाडलेल्या रायफलींच्या नळ्या आतून नीट पाहा. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीतल्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागातल्या, रसायनाचा क्षार आत राहतो, हवेतली ओल ओढून घेतो आणि नळीतले आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, खाऊन टाकतो.

काय ठेवायचं, यावर माझं मत स्पष्ट आहे: जी तुम्ही अजून चालवता ती ठेवा. मोठ्या बोअरच्या रायफलीचा धक्का आता खांद्याला सोसत नसेल, तर ती कितीही देखणी असली तरी तिचे दिवस तुमच्याकडे संपले आहेत. हलक्या बावीस बोअरच्या रायफलीवर माणूस खूप उशिरापर्यंत नेमबाजी करू शकतो, आणि मला विचाराल तर शेवटी हातात राहावी अशी तीच. (पेसमेकर बसवायची वेळ आली तर कोणत्या खांद्याला रायफल लावता हे शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना सांगा. धक्क्याने त्याच्या तारांना इजा होऊ शकते.) वडिलांची किंवा जिवलग मित्राची एखादी बंदूक या हिशेबात बसणार नाही. ती ठेवा, पण अशी एकच, फार तर दोन. आठवणीच्या नावाखाली सगळाच संग्रह मागे राहतो, हे मी इतरांच्या घरी पाहिलं आहे.

मुलांना ‘काही हवंय का?’ असं मोघम विचारू नका. एकेक बंदूक समोर ठेवून तिची हकिकत सांगा आणि मग विचारा. रस नसलेली मुलंही एखाद्या बंदुकीपाशी थबकतात. हो म्हणालीच, तर कायदेशीर हस्तांतर तुमच्या हयातीतच करा. अनेक देशांत परवाना माणसाच्या नावाचा असतो आणि माणसाबरोबरच संपतो. मग परवाना नसलेल्या वारसाने कपाटातली बंदूक नुसती घरात ठेवली, तरी तो गुन्हा ठरू शकतो. मृत्युपत्रात तिचा उल्लेख असला म्हणून ही अडचण सुटत नाही. तुमच्याकडचा नियम परवाना देणाऱ्या कार्यालयात आधीच विचारून घ्या.

विकताना साध्या, सहज मिळणाऱ्या बंदुका आधी काढा. त्यांत बाजार कळतो आणि मनही तयार होतं. तुमच्याकडून घेणारा शस्त्रविक्रेता परवानाधारकच हवा. तो सगळं एकदम उचलेल, पण त्याला त्यात नफा काढायचा असतो, म्हणून भाव कमीच देईल. दुर्मीळ नगांसाठी शस्त्रांचा लिलाव करणारी संस्था बरी, तिथे मात्र वेळ लागतो आणि कमिशन जातं. संग्रहालयाला द्यायचा विचार असेल तर आधी लिहून विचारा. सर्रास मिळणारी मॉडेलं त्यांच्याकडे आधीच असतात. मला स्वतःला सर्वांत समाधान दिलं ते क्लबातल्या तरुण परवानाधारक नेमबाजांना रीतसर दिलेल्या बंदुकांनी, कारण त्या अजून चालतात.

दमास्कस नळीची जुनी दुनळी असेल तर घेणाऱ्याला लेखी सांगा. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या आहेत आणि तज्ज्ञाने तपासल्याशिवाय त्यांत आजचं काडतूस घालणं जिवावर बेतू शकतं. काडतुसांचाही हिशेब आत्ताच लावा. एकाच डब्यात वेगवेगळी बोअर मिसळलेली असतील तर वेगळी करा. २० बोअरचं काडतूस (आकडा मोठा, पण माप १२ पेक्षा बारीक) १२ बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागून १२ चं भरून चाप ओढला की नळी फुटते. २० ची काडतुसं सहसा पिवळी असतात ती याच कारणाने. गंजलेली किंवा ओळख न पटणारी काडतुसं कचऱ्यात टाकू नका, पोलिसांना किंवा परवानाधारक विक्रेत्याला विचारून जमा करा.

एक गोष्ट राहिली, आणि ती मी तुम्हाला कळकळीने सांगतो. या वयात स्मरणशक्ती दगा देते, जोडीदार जातो, मन खचतं. अशा काळात घरात हाताशी असलेलं शस्त्र जिवाचा धोका वाढवतं, तुमचा आणि घरच्यांचाही. तुमचं डोकं शांत आहे तोवरच ठरवून टाका की तसं काही जाणवलं तर किल्ल्या कोणी ताब्यात घ्यायच्या आणि बंदुका कायदेशीररीत्या कुठे ठेवायला द्यायच्या. त्या माणसाला, पत्नीला आणि तुमच्या डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा, आणि तो माणूस किल्ल्या मागायला आला तर तुम्ही नकार देणार नाही, असा शब्द त्याला आजच द्या.